पडद्यावरचे सत्त्याण्णव

१२ नोव्हेंबर

झालं एकदाचं. नवनगरच्या बाळांच्या हॉस्पिटलात माझा प्रोग्रॅम आजपासून चालू. ‘आमचा’ म्हणायला पाहिजे, कारण कंपनी सुमंत सरांची. पण ओळ न् ओळ मी लिहिलीय, तेव्हा डायरीत तरी माझाच.

काम साधं आहे. वेळेआधी जन्मलेली बाळं एका काचेच्या खोलीत वॉर्मरवर, म्हणजे ऊब देणाऱ्या खाटेवर ठेवतात. प्रत्येकाच्या पायाला वायर, ती वायर खाटेजवळच्या यंत्राला. त्या सगळ्या यंत्रांचे आकडे माझा प्रोग्रॅम गोळा करतो आणि नर्सच्या टेबलावरच्या एका मोठ्या पडद्यावर दाखवतो. कुणाचा ऑक्सिजन खाली गेला की बेल वाजवतो. मोठ्या डॉक्टरांना हे इतकं आवडलं की त्यांनी खाटांजवळच्या यंत्रांचे आवाज ऐकू येतील न येतील इतके बारीक करायला लावले. दिवसभर टीं टीं ऐकून त्या एवढ्याशा जिवांची झोप होत नाही म्हणे.

पण सकाळी अब्रूच जायची वेळ आली होती. मोठे डॉक्टर समोर उभे आणि प्रोग्रॅम धाडकन बंद, पडदा काळाठिक्कर. चाचणीसाठी मीच खोटी बाळं भरमसाठ भरून ठेवली होती, त्यामुळं कॉम्प्युटरची जागा संपली. आमच्या धंद्यातला हा पहिला धडा: कॉम्प्युटरकडनं लागेल तेवढी जागा मागून घ्यायची आणि काम झालं की परत द्यायची. पंगतीसारखंच आहे. पहिली पंगत उठली की पानं उचलायची, तरच दुसरी बसणार. खोटी बाळं काढून टाकली आणि सगळं सुरळीत झालं.

सरांचा चेहरा मात्र पडद्यापेक्षा काळा झालेला. जिन्यात मला म्हणाले, काहीही होऊ दे, पडदा काळा दिसता कामा नये. मी तिथंच पायरीवर लॅपटॉप उघडून एक बारकीशी भर घातली. जागा संपली तरी प्रोग्रॅम बंद पडायचा नाही. शेवटचं चित्र पडद्यावर तसंच ठेवायचं आणि जागा मिळेपर्यंत थांबायचं. दुपारी परत दाखवलं, सर खूष. मीही स्वतःवर खूष. येताना कोप्पीकर रोडवर चुरमुऱ्यांचं गिरमिट खाल्लं.

हां, एक राहिलं. नर्सच्या टेबलामागं एक पांढरा फळा आहे. प्रत्येक खाटेचा एक चौकोन आणि चौकोनात बाळाच्या आईचं नाव, कारण बारशाआधी बाळाला नाव कुठलं असायला. पण एकेका चौकोनात चार-चार नावं, एकावर एक, जुनी, पुसट झालेली. घरी जाऊन महिना लोटला असेल अशांचीसुद्धा. मी पडदा पुसायचं फडकं घेऊन म्हटलं, जाता जाता हाही पुसून टाकू. अंबूताई म्हणून एक आया आहे, अळनावरकडची, पन्नाशीची. तिनं माझ्या हातातनं फडकं ओढूनच घेतलं. ‘त्याला हात नगा लावू, इंजिनेरबाई,’ म्हणाली. मुख्य नर्स रेखा सिस्टर, तीही म्हणाली की राहू दे. एवढा मोठा पडदा आणून बसवलाय आणि यांचा जीव त्या गचाळ फळ्यात. लोकांचं जुनं काही सुटत नाही बघ.

१५ नोव्हेंबर

आज नर्सची शिकवणी. अर्धी मराठीत, अर्धी कन्नडमध्ये. बाळ आलं की आईचं नाव टाकायचं, खाट निवडायची, निळं बटण दाबायचं. बाळ घरी निघालं की त्याचं नाव निवडायचं आणि लाल बटण दाबायचं, ‘नाव काढा’. लाल बटण दाबलं की त्या बाळासाठी घेतलेली सगळी जागा प्रोग्रॅम परत करतो.

लाल बटण दाखवलं तेव्हा सगळ्या एकदम गप्प. रेखा सिस्टरनं मान हलवली. कुणाचा एक प्रश्न नाही. इतकं सोपं करून ठेवलंय की विचारायला काही उरलंच नाही.

कधी कधी जुळी एकाच वॉर्मरवर ठेवतात, म्हणून एका खाटेवर कितीही नावं चालतील अशी सोय केलीय. ज्याला वायर लावलेली तेच पडद्यावर दिसतं, बाकीची मागं गुपचूप बसतात. आणि वायर सुटली म्हणून प्रोग्रॅम बाळाला विसरत नाही. पाय झाडून वायर काढतात ही कार्टी. तेव्हा वायर परत लागेपर्यंत तो दर सेकंदाला ‘वाट बघतोय’ अशी नोंद करत बसतो. हा भाग मला फार आवडलाय. सरांना सांगितलं तर म्हणाले, असू दे, पण पडदा?

२१ नोव्हेंबर

हॉस्पिटलात नवीन यूपीएस बसला. आत्तापर्यंत दिवसातनं एकदा तरी करंट जायचा आणि कॉम्प्युटर बंद होऊन परत पहिल्यापासून सुरू व्हायचा. आता नाही. आता माझा प्रोग्रॅम देवापुढच्या नंदादीपासारखा अखंड चालणार. सरांनी हे वाक्य जाहिरातीत घालायचं म्हणून लिहून घेतलं.

फळ्यावरचा सहा नंबरचा चौकोन आज लख्ख पुसलेला होता, ओल्या फडक्यानं. चला, एक तरी चौकोन स्वच्छ झाला. अंबूताईला म्हटलंसुद्धा, बघा, किती छान दिसतंय. ती मागच्या पायरीवर बसली होती, शेजारी चहा, त्यावर साय धरलेली. माझ्याकडं बघितलं आणि चहा तसाच टाकून आत निघून गेली. फळा पुसायला गेले त्या दिवसापासून राग आहे तिचा माझ्यावर.

२ डिसेंबर

अक्का धारवाडला माहेरी आली. सातवा महिना. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर हे बाळ, तेव्हा घरात कुणी मोठ्यानं बोलायलासुद्धा तयार नाही. अप्पा तर ती जिना चढायला लागली की मागनं हात पसरून उभे राहतात, जणू ती पडली तर हे झेलणारच आहेत. अनिश भावोजी बेळगावहून दिवसातनं दहा वेळा फोन करतात.

मी अक्काला माझ्या पडद्याबद्दल सगळं सांगितलं. म्हटलं, तुझं बाळ काही माझ्या पडद्यावर यायचं नाही, तो घाई करणाऱ्यांसाठी आहे. अप्पा एकदम कडाडले, असलं अभद्र बोलू नये म्हणून. मी जीभ चावली. अक्का हसली आणि माझ्या पाठीत एक हलकी चापट मारली.

६ डिसेंबर

मुलगी झाली. दोन महिने आधी. ऑपरेशन करून काढावी लागली.

नवनगरच्याच हॉस्पिटलात. खाट नंबर तीन. नाव मीच टाकलं, निळं बटण मीच दाबलं. ‘हेमावती यांचं बाळ’. अक्काला आम्ही हेमावती कधी म्हणतच नाही, त्यामुळं क्षणभर दुसऱ्याच कुणाचं वाटलं.

दोन्ही ओंजळीत मावेल एवढी आहे. पायाची वायर तिच्या पायापेक्षा जाड दिसते. मी घाबरलेय, पण एक बरं आहे की ती माझ्या डोळ्यांसमोर आहे. अप्पांना सांगितलं, आकडा खाली गेला तर बेल वाजेल, मी स्वतः केलंय. तेव्हा कुठं त्यांनी दोन घास खाल्ले.

९ डिसेंबर

काय लिहू.

दुपारची गोष्ट. अक्का वरच्या मजल्यावर खोलीत, टाके दुखत होते म्हणून खाली येता येत नव्हतं. मी हातपाय धुऊन, तो निळा अंगरखा घालून काचेच्या खोलीत नर्सच्या टेबलाशी उभी होते. अक्काचा फोन आला, कशी आहे गं म्हणून. मी पडद्यावर बघितलं. तीन नंबर, ऑक्सिजन सत्त्याण्णव. म्हटलं, ‘सत्त्याण्णव आहे. मजेत आहे. झोप तू.’ वर आणि फुशारकी मारली की माझ्यापेक्षा माझ्या प्रोग्रॅमचं तिच्यावर जास्त लक्ष आहे. मग बोलतच राहिलो. बारशाचं, नावाचं, अप्पा कसे मुंगीसारखे येरझाऱ्या घालतात त्याचं. मी मधनंमधनं पडद्याकडं बघत होते. सत्त्याण्णव. परत बघितलं, सत्त्याण्णव. बाळ माझ्या पाठीमागं होतं, हात लांब केला असता तर लागलं असतं. मी वळून बघितलंच नाही.

अंबूताई लंगोट बदलायला आली. तिनं दुपटं उचललं आणि ‘सिस्टर’ अशी हाक मारली. ओरडली नाही. पण तो आवाज मी जन्मात विसरणार नाही. मी वळले तर बाळ निळं होतं. ओठ, नखं, सगळं जांभळट निळं, आणि छाती हलत नव्हती. अंबूताई तळपायावर टिचक्या मारत होती. रेखा सिस्टर धावत आली, तिनं तोंडावर मास्क धरला आणि त्याची पिशवी दाबायला लागली.

आणि पडद्यावर सत्त्याण्णव.

मी काय केलं? मी रेखा सिस्टरला म्हणाले, ‘पण सत्त्याण्णव दाखवतंय.’ हे मी म्हणाले. माझ्या सख्ख्या बहिणीचं बाळ निळं पडलेलं आणि मी आकड्याची साक्ष काढत होते. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. हातातला फोन चालूच होता. अक्का पलीकडनं विचारत होती, काय झालं, वेदा, कुणी हाक मारली. मी फोन बंद केला.

मग बाळानं एक उचकी दिल्यासारखा श्वास घेतला. मोठे डॉक्टर आले, नळी घातली, मशीन लावलं. मी भिंतीला टेकून खाली बसले होते. तिथनं पडदा दिसत होता. सगळ्याच खाटांचे आकडे थिजलेले. एकही हलत नव्हता. आत इतकी बाळं, आणि मी, नर्सा, सगळे एका चित्राकडं बघत बसलो होतो.

डॉक्टर म्हणाले, वेळेआधीची बाळं कधी कधी श्वास घ्यायचंच विसरतात, हलवलं की परत घेतात. ती किती वेळ विसरली होती, एवढाच प्रश्न आहे.

ते माझ्या कॉम्प्युटरमध्ये नोंदलेलं असणार. बघायची हिंमत नाही.

१० डिसेंबर

बघितलं. किती वेळ ते इथं लिहवत नाही.

कारण एकच. जागा नाही. जागा नाही. जागा नाही. पानंच्या पानं तेच. प्रोग्रॅम जागा मागत होता, कॉम्प्युटर नाही म्हणत होता, आणि मी जिन्यात बसून घातलेली ती भर इमानेइतबारे शेवटचं चित्र पडद्यावर धरून बसली होती. ती भर नसती तर प्रोग्रॅम बंद पडला असता, पडदा काळा झाला असता आणि कुणीतरी उठून बाळांकडं बघितलं असतं.  

सर म्हणाले, घाबरू नको, कॉम्प्युटरमध्ये मेमरी दुप्पट करू, आणि कारण कळेपर्यंत हॉस्पिटलात काही बोलू नको. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना उलट बोलले. तिथनं थेट नवनगरला गेले आणि मोठ्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते रागावतील म्हणून मी तयार होते. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, एवढंच. मग उठून स्वतः प्रत्येक खाटेपाशी गेले आणि यंत्रांचे आवाज मोठे केले. म्हणाले, कारण शोधा, तोवर तुमचा पडदा आम्ही बघणार नाही.

वर अक्काकडं गेले. तिला सांगायचंच ठरवून गेले होते. तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, तू तिथं होतीस म्हणून बरं झालं, वेदा.  तिला ताक दिलं आणि आले.

१३ डिसेंबर

कारण सापडत नाही. डोकं फुटायची वेळ आलीय.

ऑफिसात मी खोटं हॉस्पिटल मांडलंय. खोटी बाळं येतात, खोटे आकडे येतात, बाळं बरी होतात, मी लाल बटण दाबते, जागा परत मिळते. हवं तेवढं चालवलं. एक कणभर जागा कुठं अडकत नाही. माझ्या प्रोग्रॅममध्ये चूकच नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण नाहीच आहे. मग ती जागा खाल्ली कुणी? मला तर नर्सचाच संशय येतोय, त्या कॉम्प्युटरवर दुसरं काहीतरी बघत असतील, सिनेमे वगैरे.

सर म्हणतात, रोज एकदा कॉम्प्युटर बंद करून चालू करा म्हणावं, सोक्षमोक्ष. अप्पांना काही कळत नाही यातलं. ते एवढंच म्हणाले की डाळ करपल्याचा वास आला तर चुलीपाशी जाऊन बघावं, ओसरीवर बसून काय कळणार. उद्या दिवसभर तिथंच बसते.

बाळ मशीनवरच आहे.

१४ डिसेंबर

कळलं. आणि आता ते डोक्यातनं जात नाही.

सकाळपासून टेबलाजवळच्या स्टुलावर बसून होते. नर्सा सिनेमे बिनेमे काही बघत नाहीत. कॉम्प्युटरला त्या बाळ आलं की हात लावतात, तेवढाच. दुपारी पाच नंबरचं बाळ घरी निघालं. कलघटगीकडची माणसं, मोठा गोतावळा, पेढे घेऊन आलेली. रेखा सिस्टरनं पायाची वायर सोडली. अंबूताईनं बाळाच्या तळपायाला काजळाची तीट लावली, आईच्या मांडीवर दिलं, आणि सगळ्या दारापर्यंत सोडायला गेल्या. परत आल्या, हात धुतले, कामाला लागल्या. लाल बटणाकडं कुणी बघितलंसुद्धा नाही.

मला वाटलं विसरल्या. मी रेखा सिस्टरला म्हटलं, बाळ घरी गेलं ना, मग नाव काढा की. तिनं अंबूताईकडं बघितलं. अंबूताई माझ्यापाशी आली आणि एखाद्या लेकराला समजावतात तशी, अगदी हळू म्हणाली, ‘ज्याचा जीव गेला त्याचं नाव आमी वल्ल्या फडक्यानं पुसतो, बाई. जितं घरला गेलं त्याचं कसं पुसायचं? ते आपल्या आपण फिकं व्हतंय. तवर लेकरू तिकडं रांगाय लागतंय.’

मी फळ्याकडं बघितलं. एकावर एक लिहिलेली, फिकी होत गेलेली ती नावं. सगळी घरी गेलेली.

विचारलं, मग लाल बटण कधीच दाबलं नाही का. सिस्टर म्हणाली, एकदा दाबलंय. सहा नंबरला.

सहा नंबर. लख्ख पुसलेला चौकोन. आणि मी त्या बाईला म्हणाले होते, बघा, किती छान दिसतंय. देवा रे. तिचा चहा गार पडलेला होता आणि मी तिला असं म्हणाले होते. मला तोंड लपवायला जागा मिळेना. मागच्या पायरीवर जाऊन बसले, तिथंच, जिथं ती बसली होती. थोड्या वेळानं अंबूताई आली आणि माझ्या शेजारी बसली. म्हणाली, तुमाला काय ठाव. मी तिचे पाय धरायला वाकले तर तिनं हातच धरला.

मग आत जाऊन प्रोग्रॅमच्या आतलं उघडून बघितलं. ९ तारखेला सगळं थिजल्यावर कॉम्प्युटर बंद करून चालू केला होता, तेव्हापासून जी जी बाळं घरी गेली ती सगळी तिथं होती. पाच नंबरचं आत्ता गेलेलंही होतं. प्रत्येकाच्या नावापुढं दर सेकंदाला एक ओळ: वाट बघतोय, वाट बघतोय. बाळं कधीच घरी दूध पीत असतील आणि माझा प्रोग्रॅम प्रत्येकासाठी थोडी थोडी जागा मागून घेत वाट बघत बसलेला. नोव्हेंबरातल्या जुन्या नोंदी काढल्या, त्यातही तेच. यूपीएस बसल्यापासून बरं होऊन गेलेलं एकूण एक बाळ आत साठत गेलं, आणि ९ तारखेला आमच्या बाळाच्या श्वासाची नोंद करायला जागा उरली नाही. पंगतीतलं पान उचललेलं फक्त एकाचं, सहा नंबरचं.

१७ डिसेंबर

तीन गोष्टी केल्या.

एक हिरवं बटण, ‘घरी गेलं’. ते दाबलं की जागा सगळी परत, पण नाव पुसायचं नाही. नाव पडद्याच्या तळाला जातं आणि दिवसादिवसानं फिकं होत जातं. नावाला जागा लागून लागून किती लागणार. अंबूताईला दाखवलं, तिनं बराच वेळ निरखून बघितलं, मग म्हणाली, हां, असं.

दुसरं, जिन्यात बसून घातलेली ती भर काढली. आता जागा संपली किंवा आकडा जुना झाला तर पडदा ताबडतोब काळा. सर म्हणाले, असं कसं, गिऱ्हाईकाला काय वाटेल. मी म्हटलं, ‘सर, काळाच दिसला पाहिजे.’ ते म्हणाले, बरं. ९ तारखेपासून त्यांनाही झोप नाही, हे मला आजच कळलं.

तिसरं, दुर्गदबैलच्या बाजारात जाऊन एक भोंगा आणला, सायकलच्या दुकानाशेजारी मिळतो तसला, कानठळ्या बसवणारा. पडदा काळा झाला की तो वाजणार. दुकानदार म्हणाला, गिरणीसाठी का. हो म्हटलं.

१८ डिसेंबर

अक्काला सांगितलं.

तिच्या खाटेशी बसून सगळं सांगितलं, जिन्यातल्या भरीपासून. तिनं मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी विचारलं, ‘मी फोनवर होते तेव्हाच?’

‘हो.’

‘तू सत्त्याण्णव म्हणालीस तेव्हा ती श्वास घेत नव्हती?’

मी म्हटलं, पहिल्यांदा म्हणाले तेव्हा घेत असेल. नंतर नाही.

अक्कानं तोंड भिंतीकडं केलं. अनिशला पाठव, म्हणाली. मी उठले, दारापर्यंत गेले आणि परत वळले, तर तिची पाठ तशीच. भावोजी बाहेरच उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं असावं. ते माझ्या शेजारून आत गेले.

२७ डिसेंबर

बाळाची नळी काढली. स्वतःचं स्वतः श्वास घेतेय.

मला हे अप्पांकडनं कळलं. अक्का माझ्याशी बोलत नाही. मी हॉस्पिटलात जाते ते ती वर गेलेली असताना. आता मी पडद्याकडं न बघता आधी खाटेकडं जाते, छाती हलतेय का बघते, मग पडदा बघते. रेखा सिस्टर म्हणाली, आम्हीही तसंच करायला लागलोय.

डॉक्टर म्हणतात, आत्ता सगळं ठीक दिसतंय. पण ऐकणं, बघणं, बसणं, चालणं, हे मोठी होईल तसतसं बघायचं. आत्ताच काही सांगता येत नाही. मी विचारलं, कधी सांगता येईल. ते म्हणाले, ती सांगेल.

११ जानेवारी

आज घरी न्यायचं होतं. काल अमावस्या नव्हती का, म्हणून अप्पांनी आजचा दिवस काढलेला. मी जाणार नव्हते. अप्पा म्हणाले, चप्पल घाल.

अक्का खाली आली तेव्हा अंबूताईची बाळाला तीट लावून झाली होती. वायर सुटली. उघड्या पायावर वायरचा लालसर वळ होता, त्यावर अक्कानं अंगठा फिरवला. रेखा सिस्टर नव्या शिस्तीप्रमाणं म्हणाली, आईनं यायचं, हिरवं बटण दाबायचं. आता इथं तशी पद्धतच पडलीय, प्रत्येक आई स्वतः दाबते, काहीजणी तर बटणाला नमस्कार करतात. मी दाराशी, अप्पांच्या मागं उभी होते.

अक्का कॉम्प्युटरपाशी गेली. पडद्यावर सिस्टरनं निवडून ठेवलेलं ‘हेमावती यांचं बाळ’ होतं आणि आकडा नव्हता. ती तशीच उभी राहिली. मग मागं न वळता म्हणाली, ‘वेदा, इकडं ये.’

इतक्या दिवसांत तिच्या तोंडून माझं नाव ऐकलं नव्हतं.  मी गेले. तिनं माझा हात धरला, माऊसवर ठेवला आणि बाळाला माझ्या तोंडासमोर धरलं, इतकं जवळ की तिचा श्वास माझ्या गालाला लागला, कोमट, दुधाच्या वासाचा.

‘दाब,’ अक्का म्हणाली. ‘पण हिच्याकडं बघून दाब.’

मी बाळाकडं बघितलं. तिनं डोळे किलकिले केले, नाकपुड्या हलल्या, छाती वर आली, खाली गेली, परत वर आली. मी दाबलं. बहुतेक दोनदा दाबलं गेलं.

जागा परत मिळाली की नाही ते मी अजून बघितलेलं नाही.